कंदांचं अभ्यंगस्नान

तिथी आणि थंडी जुळून आली, की नरकचतुर्दशीला आमच्या घरी पहिलं अभ्यंगस्नान डेलियाच्या कंदांचं होतं. मी मागच्या अंगणात उकिडवा बसलेला असतो. हातात पाण्याचा पाइप, बोटं बधिर, नाकाचा शेंडा लाल. समोर चिखलाने माखलेले गड्डे ओळीने मांडलेले. स्वयंपाकघराची खिडकी उघडून बायको विचारते, "तुझी स्वतःची अंघोळ सूर्योदयाआधी होणारे का? की यंदाही नरकच?" मी म्हणतो, "अकराच राहिलेत." ती खिडकी लावून घेते.

कंदांना उटणंही असतं. ते नंतर सांगतो, कारण त्यावरून आमच्यात अजून भांडण चालू आहे.

आम्ही राहतो न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. इथे भारतीय किराणा आहे, मिठाईवाले आहेत, सोनार आहेत, कढीपत्ता मिळतो. हवा मात्र इथलीच. आणि डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथे तो कोरडे दिवस जमिनीखाली कंद होऊन झोपून काढतो आणि पाऊस पडला की उठतो. मेक्सिकोने १९६३ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. नाव मात्र अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं. माद्रिदच्या काव्हानिलेस यांनी ते १७९१ मध्ये ठेवलं आणि डाल वारले १७८९ मध्ये. म्हणजे आपल्या नावाचं झाड हिवाळाभर सांभाळायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. सुटले.

मी अडकलो तो कुंपणापलीकडच्या माणसामुळे. शेजारचे आजोबा इटालियन वंशाचे. टोमॅटो आणि डेलिया हे त्यांचे दोन धर्म. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उघडून बघतो तर रताळ्यांचा घड, मधोमध वाळका दांडा. मी आभार मानून ते ओट्यावर ठेवलं. बायको म्हणाली, "उपासाला चालतं का हे?" नंतर वाचल्यावर कळलं की प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. मेक्सिकोत हे कंद खात असत, आणि युरोपातही सुरुवातीला कुणीकुणी बटाट्याच्या जागी खाऊन पाहिले. बटाटा जिंकला. मीही एक तुकडा चाखलाय. बटाटाच जिंकायला हवा होता.

आजोबांनी दिलेल्या जातीचं नाव 'थॉमस एडिसन'. १९२९ सालची, गर्द जांभळी. "ज्याच्या नावाच्या गावात राहतोस, त्याच्या नावाचं फूल दारात नको?" असा त्यांचा युक्तिवाद. पुढच्याच आठवड्यात त्यांनी 'जर्सीज ब्यूटी'ही आणून दिली. ती १९२३ची, गुलाबी. गाव झालं, राज्यही झालं. आता देशाच्या नावाचा कंद कधी येतो या धास्तीत मी कुंपणाकडे जाणं कमी केलं.

पहिल्या वर्षी काहीच करावं लागलं नाही आणि तिथेच मी फसलो. कंद पुरला, पाणी घातलं, काठी रोवली. भाद्रपदात जेवणाच्या ताटलीएवढी फुलं. गणपतीच्या मखराला दोन्ही बाजूंनी जांभळे डेलिया! आरतीला आलेली मंडळी आधी फुलांचे फोटो काढत होती आणि मग देवाचे. मी आईला पुण्याला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन. "भाद्रपदात डेलिया? आपल्याकडे पौषात फुलतो." जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला ती आम्हाला न्यायची. आम्ही भेळेकडे बघायचो आणि ती कुंड्यांच्या मागे जाऊन काठी कशी बांधलीय ते बघायची. फूल पुढून सगळेच बघतात, म्हणायची.

त्या हिवाळ्यात मी कंद जमिनीतच ठेवले. एप्रिलमध्ये उकरायला गेलो, तर बोटं आरपार गेली. हातात आलं ते फुटलेल्या दह्यासारखं काहीतरी. कंदात पाणीच फार. गोठलं की पेशी फुटतात आणि वितळलं की लगदा होतो. आजोबा कुंपणावरून म्हणाले, "काढले नव्हतेस?" ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी दुसरा घड दिला, आणि या वेळी सोबत प्रवचनही.

तेव्हापासून आमचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, पहिल्या दहिवराला होतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी हिमकण दिसले की पेपरात फोटो येतो, लोक गाड्या काढून बघायला जातात. इथे ऑक्टोबर सरता सरता एका रात्रीत ते हिमकण माझ्या वाफ्यावर येतात आणि सकाळी सगळी झाडं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोंबत असतात. ते व्हावंच लागतं. झाड वरून मेलं, की खाली कंदाला निजायची वेळ झाल्याचं कळतं. मग आठवडाभर थांबायचं आणि खणायचं.

खणणं म्हणजे बाळंतपण. दांड्यापासून हातभर लांब चौफेर फावडं घालायचं आणि अख्खा गड्डा हलकेच उचलायचा. ओढायचा नाही. कंदाची मान पेन्सिलीएवढी बारीक असते आणि ती मुरगळली तर कंद वरून धडधाकट दिसतो, पण कामातून गेलेला असतो. कारण डोळा! बटाट्याला अंगभर डोळे असतात, उसाला पेरापेराला असतो. डेलियाला मात्र फक्त मानेच्या वर, जुन्या दांड्याच्या बुडाशी, आणि तोही मोहरीएवढा. डोळ्याशिवायचा कंद मातीत पुरला तर त्याला मुळं फुटतात, तो मजेत फुगतो, वर्षभर खाऊनपिऊन सुखी असतो आणि कोंब म्हणून काढत नाही. भाकड. असे दोन कंद मी एक अख्खा उन्हाळा पाणी घालून पोसलेत.

तर दिवाळीच्या पहाटे मी नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात सुरी घेऊन डोळे शोधत असतो. एकदा मुलीला मदतीला बसवलं, तिचे डोळे तरुण म्हणून. तिने तीन मिनिटांत दहा डोळे दाखवले. त्यातले सात मातीचे कण निघाले. ती आत फराळाला गेली ती गेलीच.

आता उटणं. कंद कापला की जखम उघडी राहते आणि तिथून बुरशी शिरते. म्हणून बरेच लोक कापलेल्या जागेवर गंधक लावतात. बरेच लोक दालचिनीची पूड लावतात. गंधक आमच्या घरात नव्हतं. दालचिनी होती, आणि तीही बायकोने गोडा मसाला करायला खास राखून ठेवलेली. मी ती मिक्सरमधून काढली आणि बत्तीस कंदांना नीट चोळली. अंगणात असा वास सुटला, की शेजारच्या आजोबांनी विचारलं, "ॲपल पाय भाजताय?" आमच्याकडे त्या वर्षी गोडा मसाला झाला नाही. आमटीत काहीतरी कमी आहे असं मी एकदा म्हणालो. फक्त एकदा.

न्हाऊमाखू घातलेले कंद सावलीत सुकवायचे आणि लाकडाच्या भुशात थर देऊन खोक्यात ठेवायचे. इथवर ठीक. प्रश्न असतो खोकं ठेवायचं कुठे. कंदांना ४ ते १० सेल्सिअस तापमान लागतं. गोठता कामा नये, उबही नको. हवा दमट हवी, ओली नको. एवढ्या अटी आमच्या ओळखीत एका स्थळाने घातल्या होत्या. त्याचं अजून जमलेलं नाही.

पहिला प्रयोग तळघरात, गणपतीचं मखर, भारतातून आलेल्या बॅगा आणि तांदळाची पोती यांच्या शेजारी. तिथेच घर तापवायची भट्टी. फेब्रुवारीत उघडलं तर कंदांची सुंठ झालेली. पुढच्या वर्षी गराज. जानेवारीतल्या एका रात्री पारा उणे दहाच्या खाली गेला आणि पुन्हा दही. मधे एक दुपार ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारीही राहिले. संध्याकाळी हद्दपार झाले. शेवटी मी एक थर्मामीटर घेतला आणि डिसेंबरभर घरातून फिरलो. जिन्याखाली, न्हाणीघरात, कोटांच्या कपाटात, बुटांमागे. बायकोने मुलीला सांगितलं, "बाबांना सध्या घरात भूत शोधायचा नाद लागलाय." तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला चिकटून, भट्टीपासून सगळ्यात लांब, ८ अंशांची एक जागा सापडली. तिथे आधीपासून बायकोची जुनी शिलाई मशीन होती. आता ती माझ्या ऑफिसच्या टेबलाखाली असते आणि मी पाय दुमडून मीटिंगला बसतो.

महिन्यातून एकदा खोकं उघडून प्रत्येक कंद दाबून बघायचा. मऊ लागला तर कापायचा, सुरकुतला तर भुशावर पाण्याचा हबका मारायचा. एका जानेवारीत माझा आळस झाला. घरात वास येऊ लागला. बायको म्हणाली, उंदीर मेला. मुलगी म्हणाली, गॅस. मी काही म्हणालो नाही, कारण मला माहीत होतं. उंदीर पकडणाऱ्या माणसाला बोलावलं गेलं. त्याने तळघर हुंगून माझ्या खोक्याकडे बोट दाखवलं आणि भेटीचे पैसे घेतले.

त्या वर्षी बत्तीसचे नऊ उरले. नवांवर नावंही नव्हती, कारण चिठ्ठ्या भिजून लगदा झाल्या होत्या. आता मी नाव कंदावरच मार्करने लिहितो. नऊ कंदांत भागणार नव्हतं, म्हणून मी छाटकलमांकडे वळलो. मार्चमध्ये कंद ओलसर मातीत जागे करायचे. कोंब बोटभर झाला की पेराच्या खाली छाटायचा, खालची पानं काढायची आणि ओल्या वाळूत खोचायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. एका कंदापासून अशी पाच-सहा रोपं सहज होतात. अट एवढीच, की उजेड भरपूर हवा आणि बुडाला ऊब हवी.

एडिसनमध्ये मार्च महिन्यात बुडाला ऊब एकाच ठिकाणी मिळते. इडलीचं पीठ फुगायला दिवा लावून ठेवलेल्या ओव्हनमध्ये. मी फक्त रात्रीपुरती कलमं तिथे ठेवू लागलो. दिवसा खिडकीत, रात्री इडलीच्या पिठाशेजारी. आठवडाभर पीठही फुगलं आणि कलमंही टवटवीत होती. मग एका शनिवारी मी उशिरा उठलो. मुलीला पिझ्झा करायचा होता. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला माहीत असतं की ओव्हन ही कढया ठेवायची जागा आहे, आधी उघडून बघायचं. ही जन्माने इथली. तिने थेट ४५० फॅरनहाइटचं बटण दाबलं. पंधरा मिनिटांनी घरात आधी भाजक्या पालेभाजीचा वास आला, मग वितळलेल्या प्लॅस्टिकचा. बायको धावत आली आणि म्हणाली, "माझं पीठ!" माझी चौदा कलमं गेली होती, पण शोक जाहीर करायला मला घरात जागाच नव्हती.

हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिने शांतपणे फोन फिरवला आणि स्वयंपाकघराची खिडकी दाखवली. तिथे कान तुटलेल्या तीन कपांत तीन काड्या उभ्या होत्या. "मागच्या डेलियाच्या," ती म्हणाली. "उगाच खोचल्या होत्या. तिन्ही लागल्या."

"वाळू कुठली? तापमान किती?"

"अरे, पलीकडे बांधकाम चाललंय, तिथली चिमूटभर."

"आणि कंद कुठे ठेवतेस?"

ती फोन घेऊन जिन्याखाली गेली. तिथे एक कुंडी आडवी पडली होती, वर रद्दीचा गठ्ठा. फुलं संपली की पाणी तोडायचं, कुंडी कलंडून टाकायची, पावसाळा सरला की उभी करायची. तिच्याकडे कंद उन्हापावसापासून जपायचा, माझ्याकडे बर्फापासून, एवढाच फरक. निदान ती तसं म्हणते. यंदा ती आमच्याकडे येताना कंद बॅगेत घालून आणणार होती. विमानतळावर मातीचा कणही चालत नाही, हे पटवायला मला तीन फोन लागले. "लोणचं चालतं आणि कंद नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

(मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कुणीतरी मला सुचवलं होतं, की 'आपण परदेशस्थ म्हणजे मातीतून उपटलेले कंद' असा लेख लिही. मी नाही म्हटलं. मला सांभाळताना कुणी थर्मामीटर घेऊन फिरलेलं नाही.)

जमायला लागलं की दुसरी आपत्ती येते. एका गड्ड्याचे सहा होतात, सहाचे चाळीस. गेल्या वसंतात माझ्याकडे सत्तर कंद होते आणि वाफा बाराचा. कंपोस्टात टाकायचे म्हटलं तर हात धजेना. मी मंडळाच्या वर्षासहलीला पिशवीच घेऊन गेलो आणि चार मित्रांच्या गळ्यात कंद मारले. वर्तमानपत्रात गुंडाळून. काढायचे कधी, ठेवायचे कुठे, यातलं काही मी सांगितलं नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळाची दिवाळी पंचांगाप्रमाणे नसते, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी असते. यंदा ती ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी होती. स्टेजवर नाट्यगीत अगदी तानेत आलं होतं, तेवढ्यात अंधारात फोन चमकले. रात्री दहिवर पडण्याचा इशारा. तिसऱ्या रांगेतून एक उठला. मग डावीकडून दुसरा. मागून दोघं, खुर्च्या करकरवत. एकाने जाता जाता बायकोला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "जुन्या चादरी कुठल्या खणात आहेत?"

माझी बायको माझ्याकडे वळली. "तू नाही जात?"

"पडू दे की. एक आठवडा काही करायचं नसतं."

तिने चौघांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हळूच उठलो. दुकान नऊला बंद होतं, आणि पुढच्या आठवड्यात गावात दालचिनी शिल्लक राहील असं मला वाटेना. निघताना ती एवढंच कुजबुजली, "माझ्यासाठी दोन पाकिटं वेगळी घे. आणि त्यांना हात लावायचा नाही."