हाताचा अंदाज कुठे चालतो, कुठे नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. 'काका' म्हणतेय, कारण पिंपरीतल्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढून आता निवृत्त झालो, असं तुम्हीच लिहिलंय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माउंटन बाइकची देखभाल घरी करायची तर कोणती हत्यारं घ्यावीत, यावर मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं : त्या यादीची बेरीज साध्या माणसाच्या सायकलच्या निम्म्या किमतीला भिडते, मग सामान्य माणसाने या वाटेला जावं कशाला? टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) हे हौशी लोकांचं खेळणं. कुठलीही ॲलन की (षटकोनी भोकाच्या बोल्टाची चावी), चार पाने आणि हाताचा अंदाज एवढं पुरतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हातोडी-पक्कडीवर आयुष्य काढलं, त्याचं कधी अडलं नाही. हायड्रॉलिक ब्रेकला मोटरसायकलचं ब्रेक ऑइल चालतं, असंही ओघात आलंय. आणि शेवटी नातवाच्या सायकलचं डावं पेडल निघत नाही, त्यावर उपाय विचारलाय.

उत्तर लांबणार आहे. तुमच्यासारख्या हाताने काम केलेल्या माणसाने आक्षेप घेतल्यावर दोन ओळींत निभावून नेणं मला पटत नाही.

पैशांचा आक्षेप पूर्ण मान्य. अडतीस नगांची पेटी एकदम घ्या, असं मी लिहायला नको होतं. ती पेटी माझ्याकडे आहे. तुमचं वाचून झाल्यावर ती जमिनीवर उपडी केली आणि सहा वर्षांत ज्याला हातही लागला नाही ते सामान बाजूला काढलं. ढीग मोठा निघाला. त्यात फ्रीव्हीलचा ओपनर आहे, माझ्या सायकलला मात्र कॅसेट आहे; दोन्ही म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, फक्त बसवायची पद्धत वेगळी. हे दोन ओपनर दिसायला जुळे, दोघांनाही बारा दाते, पण एकाचं काम दुसऱ्याकडून धड होत नाही. सात गिअरच्या स्वस्त सायकलला बहुतेक वेळा हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी बसलेलं फ्रीव्हील असतं, आठ-नऊच्या पुढे कॅसेट. म्हणजे एकच सायकल असणाऱ्याला पेटीतलं एक तरी कायमचं बिनकामाचं. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगच्या, चाव्यांचंही तेच. तो परिच्छेद मी आज काढून टाकतेय. त्याजागी एवढंच लिहीन, की आधी आपली सायकल नीट न्याहाळा, कुठे कोणत्या मापाचा बोल्ट आहे ते कागदावर लिहून काढा आणि जे काम समोर आलंय त्याचंच हत्यार आणा. मी तसा कागद केला तर माझ्या हार्डटेलचं (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलचं) वर्षभराचं बहुतेक काम ४, ५ आणि ६ मिलिमीटरची ॲलन की, डिस्कच्या रोटरसाठी चांदणीच्या आकाराची टी-२५, पेडलचा १५ चा पाना आणि चेन तोडायचं हत्यार एवढ्यात बसलं.

चेन किती लांबली ते मोजायचा चेन चेकरही यादीतून गेला. तुमच्या पेटीत इंचांच्या खुणांची स्टीलची पट्टी असेलच, ती त्याहून चांगली. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचा आणि तिथून चोविसावी पिन पाहायची. नव्या चेनला ती बरोबर १२ इंचांवर येते. १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन अर्धा टक्का लांबली. अकरा-बारा गिअरची असेल तर बदलायला झाली. आठ-नऊ-दहा गिअरला थोडी सूट आहे, पण १/८ पर्यंत जाऊ द्यायची नाही, कारण तोवर कॅसेटचे दातही खाल्लेले असतात.

पण "कुठलीही ॲलन की चालते" या वाक्याशी मला भांडायचंय.

तीन वर्षांपूर्वी, सकाळी पाचला सिंहगडाच्या बाजूला निघायचं होतं आणि आदल्या रात्री मागच्या ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) रोटरला, म्हणजे डिस्कच्या चकतीला, घासत होता. दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा, पुन्हा आवळायचे; दहा मिनिटांचं काम. कपाटाच्या जोडणीबरोबर आलेली ५ ची की हाताशी होती, तीच घेतली. पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याला जोर लावला तेव्हा की हातात किंचित पिळल्यासारखी वाटली, मग टक असा बारीक आवाज झाला आणि ती मोकळी फिरली. टॉर्च मारून पाहिलं. षटकोनाचे सहाही कोपरे गेलेले, आत चकचकीत गोल भोक आणि कडेला केसाएवढा बारीक कीस. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्या कीला व्हर्नियर लावला, ४.८५ भरली. ५ च्या घरात पंधरा शतांश मिलिमीटरचा खेळ म्हणजे काय, हे फिटरला मी समजावून सांगायची गरज नाही. शेवटी त्या गोल भोकात टी-३० चा बिट हातोडीने हलके ठोकून बसवला आणि दम धरून फिरवला, तेव्हा बोल्ट निघाला. त्याच्या जोडीचा नवा मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी.

त्या दिवसापासून मी पैसे टोकाला देते, मुठीला नाही. त्यासाठी निळ्या मुठीचा पार्क टूलचा संच हवाच असं अजिबात नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नाशिकच्या टापरियाचा साधा ॲलन कीचा संच मिळतो, कितीतरी कमी पैशांत, आणि तो मापाला चोख असल्याचा माझा अनुभव आहे. तीच की झिजली तर फेकायचीही नाही. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर ग्राइंडरवर काढले की आतले ताजे कोपरे मिळतात. मधूनमधून पाण्यात बुडवत राहायचं, नाहीतर टोक निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. हे तर तुमच्याच घरातलं शास्त्र.

आता टॉर्क रेंच. तुमच्या हाताच्या अंदाजाबद्दल मला शंका नाही. प्रश्न एवढाच, की तो अंदाज कशावर तयार झालाय? मोठ्या लोखंडी बोल्टांवर. माझ्या सायकलच्या हँडलला धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट ५ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि ज्यात ते जातात ते आटे ॲल्युमिनियमचे. स्टेमवरच कोरलंय : ५ न्यूटन मीटर. म्हणजे १० सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण ५ किलोची ओढ, बस. उलट कॅसेटला जागेवर धरणाऱ्या लॉकरिंगवर ४० लिहिलेलं असतं. तिथे २५ सेंटीमीटरचा पाना धरला तर टोकाला १६ किलो लागतात.

हे आकडे कागदावर ठेवण्यापेक्षा मी स्वतःच्या हाताची परीक्षा घेतली. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा डिजिटल काटा घरात होता. पान्याच्या टोकाला हुक अडकवला आणि काटा दांड्याला काटकोनात धरून, आकडा न बघता, "झालं घट्ट" असं वाटेपर्यंत ओढला. लॉकरिंगवर ९ किलो. म्हणजे २२-२३ न्यूटन मीटर, हवं त्याच्या जेमतेम निम्मं. मग तसाच स्टेमचा बोल्ट, १० सेंटीमीटरवर. तिथे काट्याने ८ दाखवले. एकाच बाईचा एकच हात, मोठ्या आट्यावर कमी पडला आणि छोट्यावर जास्त झाला. कारण हाताला जोर कळतो, बोल्टाची जाडी कळत नाही.

तुमचा हात मोठ्या बोल्टावर माझ्यासारखा कमी पडणार नाही, याची मला खात्री आहे. छोट्यावर काय होतं ते मात्र तुम्ही स्वतः मोजून पाहा, अशी मनापासून विनंती आहे. काट्याने खर्च काही नाही आणि उत्तर लगेच मिळतं. मोजलेला आकडा इथे लिहिलात तर मला आणि इतरांनाही उपयोग होईल.

तेव्हा टॉर्क रेंचबद्दल माझं मत असं बदलतं : सायकल स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर हा काटा आणि गुणाकार एवढ्यावर भागेल. हँडल किंवा सीटची दांडी कार्बनची असेल तर मी मागे हटणार नाही. कार्बन जास्त आवळला की आतल्या आत चिरतो, वरून काही दिसत नाही, आणि मग उतारावर दगडातून जाताना तुटतो. तिथे २ ते २० न्यूटन मीटरच्या टप्प्यातला रेंच हवाच, विकत नाहीतर उसना. चारचाकीच्या गॅरेजमधला चालत नाही, त्याचे आकडे जिथून सुरू होतात तिथे या छोट्या बोल्टांचे संपलेले असतात.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याबद्दल. मी त्याला कमी लेखलं असं तुम्हाला वाटलं, ते मला लागलं. जुन्या काळ्या सायकलींचा क्रँक (पेडलचा दांडा) कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने, बसवलेला असायचा आणि कॉटर पिनला हातोडी हेच बरोबर हत्यार. पिन ठोकून बसवायची, ठोकूनच काढायची. त्याने चाळीस वर्षं योग्य तेच केलं. पण माझ्या आधीच्या सायकलला चौकोनी ॲक्सलवर दाबून बसलेला ॲल्युमिनियमचा क्रँक होता. तो काढायला पुलर लागतो. पुलर क्रँकच्या आट्यांत पार तळापर्यंत फिरवायचा आणि मगच आतला दट्ट्या ढकलायचा. दोनच आट्यांवर धरला असेल तर ते आटे उपटून बाहेर येतात. ती सायकल मी एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली तेव्हा क्रँकच्या पाठीवर हातोडीचे पाच-सहा घाव होते आणि पेडल फिरवलं की आत खरखर. क्रँकही गेला, बॉटम ब्रॅकेटही गेलं. मला त्या माणसाच्या हाताचा राग आला नाही. त्याच्या हाताला कॉटर पिनची सवय होती आणि काही शे रुपयांचा पुलर त्याला दुकानाच्या मालकाने आणून दिला नव्हता, याचा आला.

आणि चाकाचा आऊट काढायला मी अजूनही आमच्या कोपऱ्यावरच जाते. स्पोक चिमटीत धरून, त्यांचा आवाज ऐकून, अंगठ्याचं नख रिमजवळ धरून ते ज्या वेगाने चाक सरळ करतात, ते मला सहा वर्षांत जमलेलं नाही. म्हणून चाक सरळ करायचा स्टँड मी यादीत कधीच घातला नव्हता.

पक्कडीचं एक. ब्रेकची, गिअरची आतली तार पक्कडीने तुटते, टोक पिंजतं, तेही एकवेळ चालवून घेता येईल. पण गिअरच्या बाहेरच्या नळीत पोलादाच्या तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात. पक्कड त्या कापत नाही, चेपते. मग तार आत अडकत चालते आणि गिअर एका क्लिकला बदलत नाही. केबल कटर नसेल तर तुमच्याकडचा बारीक चकतीचा ग्राइंडर उत्तम. कापल्यावर आतलं प्लॅस्टिक वितळून बंद झालेलं असतं, तेवढं दाभणाने मोकळं करायचं.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र ठाम सांगते, कारण इथे चूक झाली तर माणूस पडतो. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटरसायकलला लागतं ते डॉट नावाचं वेगळ्या जातीचं ब्रेक ऑइल. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि लिव्हर दगा देतो. उलट केलं तरी सील जातातच. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट लागतं, काही नव्यांना मिनरल. त्यामुळे कंपनीच्या नावावरून ठरवायचं नाही, लिव्हरच्या झाकणावर जे छापलंय तेच घालायचं. तुम्ही कुणाच्या सायकलमध्ये आधीच घातलं असेल तर ती चालवू देऊ नका, प्लीज.

आता नातवाचं पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून ती सोय. तुम्ही १४-१५ च्या पान्याला पाइप लावून जोर केला असं लिहिलंय, म्हणजे बहुधा ते आणखी घट्ट झालंय. दिशेसाठी मी एकच खूण लक्षात ठेवते : हत्याराचा दांडा वर उभा करायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा. डावं असो की उजवं, पेडल सुटतंच. पण आधी क्रँकच्या पाठीमागून पाहा, ॲक्सलच्या टोकाला ६ किंवा ८ चं षटकोनी भोक आहे का. असेल तर लांब ॲलन की तिथून घाला, दिशेची खूण तीच. नसेल तर अडचण पान्याच्या जाडीची असू शकते. आपल्याकडचे १४-१५ चे पाने जाड असतात, पेडल आणि क्रँकमधल्या फटीत ते पुरते बसत नाहीत, कडेवर धरतात आणि घसरतात. तोंड घासून पातळ केलेला जुना पाना चालेल. तुम्हाला ते दहा मिनिटांचं काम आहे.

आज रात्री आट्यांवर दोन्ही बाजूंनी पातळ तेल सोडून ठेवा. सकाळी सायकल जमिनीवर उभी करून नातवाला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे सायकल हलणार नाही, आणि हात दातेरी चकतीपासून लांब ठेवा, सुटताना झटका बसतो. पुन्हा बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरलं नाही तर ते तिरकं लागलंय. काढून पुन्हा लावा.