लो, लोणारचा लो

भरणी नक्षत्र, चौथा चरण. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या कटकटींचं मूळ तिथे आहे. पत्रिका करणाऱ्या गुरुजींनी ‘ली, लू, ले, लो’ अशी भरणीची अक्षरं बोटांवर मोजली आणि करंगळी धरून म्हणाले, "मुलीचं नाव ‘लो’वरून ठेवा." एक चरण आधी जन्मले असते तर लेखा झाले असते. तीन चरण आधी लीना, लीला, काय हवं ते. ‘लो’ म्हटल्यावर घरातल्यांना लोणचं, लोणी, लोटा आणि लोणार यांच्यापलीकडे काही सुचेना.

आईनं दबकत ‘लोचना’ म्हणून पाहिलं. पण आजोबा संस्कृतचे निवृत्त शिक्षक, आणि निवृत्त शिक्षकासमोर घरात कोणाचं चालत नाही. ते म्हणाले, "लोपामुद्रा. आपल्या विदर्भाची लेक आहे ती." विषय संपला. बारशाला आत्याच्या हातात चिठ्ठी दिली होती. चष्मा मात्र घरी राहिला होता. त्यामुळे पाळण्यात माझ्या कानात ‘कुर्र’ झालं ते ‘लोकमुद्रा’ असं. मी पहिल्यांदा ऐकलेलं माझं नावच चुकीचं होतं. पुढच्या वाटचालीची ती नांदी.

इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. किती साधं, किती सुंदर! हाच नियम मला लावला असता तर नागपूरकर म्हणून माझ्या वाट्याला नाग नदी नाहीतर पिवळी नदी आली असती. हे आठवलं की आजोबांवरचा राग जरा निवळतो.

फोनवर नाव सांगण्याची माझी एक ठरलेली पद्धत आहे. "लो, लोणारचा लो. पा, पाण्यातला पा. मु, मुगाचा मु. द्रा, द्राक्षातला द्रा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कुरिअरवाला म्हणतो, "बरं, द्राक्षे मॅडम, पत्ता सांगा." आजवर माझ्या पार्सलांवर लोपमुद्रा, लोपाचंद्रा, रोपामुद्रा आणि एकदा ‘लो. पा. मुद्रा’ अशी नावं आलेली आहेत. शेवटच्याला मी दार उघडलं तर मुलगा म्हणाला, "सर आहेत का?" शाळेत पोरांनी ‘मुद्रा’चं काय केलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि लिहायची गरजही नाही.

शाळेत संस्कृतच्या बाई आणखी वेगळ्या. मी गैरहजर असले की हजेरी घेताना त्या नाव पुकारायच्या, वर बघायच्या आणि म्हणायच्या, "अदर्शनं लोपः." पाणिनीचं सूत्र आहे ते. जे दिसायला हवं ते न दिसणं म्हणजे लोप. सगळा वर्ग हसायचा. सूत्र कळलं म्हणून नाही, बाई हसल्या म्हणून. आणि ‘मुद्रा’ म्हणजे चेहरा किंवा छाप. थोडक्यात, जिची छाप पुसली गेली आहे अशी मुलगी. आईबापांनी हौसेनं ठेवलेल्या नावाचा असा अर्थ निघाल्यावर सातवीतल्या मुलीनं जावं कुठे? आजोबांकडेच गेले.

आजोबांनी सांगितलेली गोष्ट महाभारताच्या वनपर्वातली. अगस्त्य ऋषींना आपले पितर एका खड्ड्यात उलटे टांगलेले दिसले. "वंश वाढव, तरच आमची सुटका," ते म्हणाले. ऋषींनी बायको शोधली, पण एकही मुलगी पसंत पडेना. (आमच्या नात्यात असे दोन मुलगे आहेत, त्यांच्यात तपश्चर्या तेवढी कमी.) शेवटी अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव गोळा करून एक मुलगी घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाकडे वाढायला दिली. लोक सांगतात की प्राण्यांचं सौंदर्य तिच्यापुढे लोपलं, म्हणून ती लोपामुद्रा. म्हणजे पुसली गेली ती हरणाची आणि हंसाची छाप, माझी नाही. मी दुसऱ्या दिवशी बाईंना हे सांगितलं. बाई म्हणाल्या, "आधी बुधवारचा गृहपाठ दाखव."

मुलगी मोठी झाल्यावर ऋषी मागणी घालायला आले. राजाची पंचाईत. हो म्हणवत नाही, नाही म्हटलं तर शाप. तेव्हा लोपामुद्राच म्हणाली, "बाबा, मला देऊन टाका आणि तुम्ही सुटा." दागिने उतरवून, वल्कलं नेसून नवऱ्याबरोबर गेली. इथवर ऐकून मला तिचा राग यायचा. पण पुढे बरीच वर्षं तप झाल्यावर ऋषींना एकदाची वंशाची आठवण झाली, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या माहेरी होता तसा पलंग हवा. दागिने हवेत. तुम्हीही नटून या." शाब्बास!

मग ऋषी पैशासाठी निघाले. तीन राजांकडे गेले आणि तिघांनीही जमाखर्च पुढे ठेवला. आवक तेवढीच जावक, शिल्लक शून्य. ऋषींनी वह्या पाहिल्या आणि रयतेला तोशीस नको म्हणून काही न घेता उठले. शेवटी सगळे मिळून इल्वल नावाच्या राक्षसाकडे गेले. तो आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून शिजवायचा, ब्राह्मणाला वाढायचा आणि जेवण झाल्यावर हाक मारून त्याला पोट फाडून बाहेर बोलवायचा. अगस्त्यांनी सगळा वातापी एकट्यानं संपवला आणि हाक आली तेव्हा म्हणाले, "तो कसला येतोय, पचला तो." अजूनही आमच्याकडे पुरणपोळ्या झाल्या की आजी पोटावरून हात फिरवत ‘वातापी जीर्णो भव’ म्हणते आणि माझ्याकडे बघते. जसं काही तो पलंग मीच मागितला होता.

ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या १७९व्या सूक्तात, लोपामुद्रा स्वतः बोलते. सहाच ऋचा, त्यातल्या पहिल्या दोन तिच्या. किती वर्षं रात्रंदिवस राबतेय, म्हातारपण देहाची शोभा नेतं, आता तरी नवऱ्यांनी बायकांजवळ यावं, असं ती सरळ सांगते. हे सूक्त आजोबांनी मला कधी सांगितलं नाही. कॉलेजात स्वतः वाचलं तेव्हा का सांगितलं नसेल तेही कळलं.

माझ्या लग्नात नाव बदलायचा घाट घातला गेला. "रूपा ठेवू, सुटसुटीत," सासूबाई म्हणाल्या. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. त्यानं आदल्या दिवशी मला दिलेला शब्द पाळला आणि ‘लोपामुद्रा’ लिहायला घेतलं. पण त्याचं अक्षर मोठं आणि ताट लहान. ‘द्रा’ला जागाच उरली नाही. सासूबाई आजही रागावल्या की मला "लोपामु" म्हणतात.

२०१५ साली मुद्रा योजना आली आणि नवीनच प्रकरण सुरू झालं. बँकेत मी खिडकीशी नाव सांगितलं की उत्तर यायचं, "मुद्रा लोन पलीकडच्या टेबलावर." एका साहेबांनी तर मला बसवून शिशु, किशोर आणि तरुण हे तिन्ही प्रकार समजावले. शिशुला ५० हजारांपर्यंत मिळतात. मी म्हटलं, "अहो, मी केवायसीला आलेय." ते म्हणाले, "तेही होईल, धंदा कोणता आहे?" पुढच्याच वर्षी आमच्या नागपूरच्या मॉडेल लोपामुद्रा राऊत टीव्हीवर दिसू लागल्या आणि काही महिने माझं नाव लोकांना एका झटक्यात कळायचं. फक्त नाव सांगितल्यावर ते माझ्याकडे पुन्हा एकदा, नीट, वरपासून खालपर्यंत बघायचे. त्यापेक्षा लोणारचा लो परवडला.

मागच्या वर्षी कामासाठी कोलकात्याला गेले. हॉटेलच्या काउंटरवर सवयीनं दीर्घ श्वास घेतला आणि सुरू केलं, "लो, लोणारचा..." तोवर त्या गृहस्थांनी पूर्ण नाव टाइप केलंसुद्धा. वर मान न करता. तिकडे हे नाव चांगलंच रुळलेलं आहे, लोपामुद्रा मित्र तर तिथल्या नावाजलेल्या गायिका. मला भरून आलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा माझं नाव कोणी काही न विचारता लिहिलं होतं. आणि खरं सांगू, थोडा अपमानही वाटला. एवढी साठ सेकंदांची गोष्ट माझ्याकडे तयार होती, कोणी विचारलीच नाही.

"टायटल?" त्यांनी विचारलं. तिकडे आडनावाला टायटल म्हणतात.

"पिंपळखुटे."

त्यांची बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागे रांगेत तिघे उभे होते. मी बॅग खाली ठेवली.

"पिं," मी म्हटलं, "पिंपरीतला पिं."