अदर

परवा आमच्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात एआय परिषद झाली. पूर्वी असलं काही बघायचं तर पुण्याला जायला लागायचं आणि अर्धा दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकला वाहायला लागायचा. पण बारामतीत उसाला एआय लागला, जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचं कौतुक केलं, त्याच जूनमध्ये राज्य सरकारनं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, आणि लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा कार्यालयांना परिषदा मिळायला लागल्या.

पुतण्या म्हणाला, "काका, चला. जेवण आहे."

दारात क्यूआर स्कॅन करून आपला वर्ग निवडायचा होता. स्टार्टअप, इन्व्हेस्टर, स्टुडंट, अदर. चार एकर उसाचा मालक यात कुठं बसवायचा? "स्टार्टअप टाक," मी म्हटलं, "मोटर रोज स्टार्ट करतोय की." त्यानं अदर टाकलं. गळ्यात पट्टा आला. त्यावर माझं नाव बारीक आणि 'अदर' ठळक. समोरचा आधी माझ्या छातीकडं बघायचा, मग दुसऱ्या कुणाकडं तरी.

स्टेजवरची थर्माकोलची अक्षरं काढली होती, पण 'चि. सौ. कां.'मधलं 'कां.' तसंच चिकटून होतं. खाली फ्लेक्स : 'इनोव्हेशन हब'.

पुण्याच्या वक्त्यानं तासाभरात 'इकोसिस्टम' सतरा वेळा म्हटलं. मधली पंधरा मिनिटं मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू? मातीतला सेन्सर मुळाशी ओल किती ते सांगतो, वरून उपग्रह रानाचा कुठला कोपरा मागं पडलाय ते दाखवतो. आमचे वडील ढेकूळ मुठीत दाबून ओल सांगायचे. पण ते एका वेळी एकाच सरीत असायचे, आणि दुपारी झोपायचे.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. "सेन्सर म्हणाला आत्ता पाणी द्या, आणि आमच्या फीडरला या आठवड्यात लाईट रात्री बाराला. मग काय करायचं?"

"एक्सलंट क्वेश्चन! आपण यावर ऑफलाईन बोलू."

"बारापर्यंत आम्ही ऑफलाईनच असतोय, साहेब."

टाळ्या पडल्या. मग डेमो सुरू झाला, पडद्यावर हिरवागार ऊस आला आणि लाईट गेली. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. वायरमनला फोन गेला. तो येईतो सगळं इकोसिस्टम पुठ्ठ्यानं वारा घेत बसलं.

जेवणाचं कूपनही मोबाईलवर. एवढ्या गर्दीत रेंज कुठली? वाढपी सवयीनं विचारता झाला, "मुलाकडचे का मुलीकडचे?"

"अदर," मी म्हटलं. त्यानं ताट दिलं.

शेजारी वायरमन जेवत होता. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, हातात पक्कड होती. मी जिलेबी त्याच्याकडं सरकवली. "दिवसपाळी कधीपासून?"

"सोमवारपासून. सकाळी आठला."

परिषदेत फुकट मिळालेली वही तोवर कोरीच होती. मी पेन काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं : सोमवार, सकाळी आठ.