त्या ‘घरच्या घरी कॉम्प्युटर रिपेअर’ फॉरवर्डबद्दल, आणि प्लगची तिसरी पिन तोडायच्या आधी

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. परत म्हणजे मला वाटतं चौथ्यांदा. ‘कॉम्प्युटर बिघडला? मेकॅनिकला दीड हजार देऊ नका! घरातल्या वस्तूंनी ५ मिनिटांत दुरुस्त करा’ आणि खाली सात हिरव्या टिका. ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: डिस्प्ले येत नसेल तर रॅमला खोडरबर घासा, हार्ड डिस्क टकटक करत असेल तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, गरम होत असेल तर प्रोसेसरवर टूथपेस्ट लावा, चहा-पाणी सांडलं तर तांदळात ठेवा, सीपीयूच्या डब्याला करंट लागत असेल तर प्लगची तिसरी जाड पिन काढून टाका, आणि स्लो झाला तर एफ-५ दाबत राहा, रॅम साफ होते.

मी ऐरोलीत राहते, महापेला एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, ११ वर्षं झाली. बिल्डिंगमध्ये कोणाचाही प्रिंटर अडला की बेल आमचीच वाजते, त्यामुळे असला फॉरवर्ड आला की पुढच्या रविवारी माझ्याकडे काय येणार ते मला आधीच कळतं. दर वेळी सोडून देते, पण या वेळी चौथ्या मजल्यावरच्या काकांनी त्यातलं खरंच एक करून ठेवलं म्हणून लिहायला बसले. मेसेजच्या क्रमाने नाही घेत, जीवावरचा मुद्दा आधी घेते.

तिसरी पिन काढा म्हणे

काकांच्या सीपीयूला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मेसेजचं म्हणणं असं की हा करंट अर्थिंगमधून येतो, पिन काढली की बंद. काकांनी पिन तोडली नाही, नशीब, पण टू-पिनचा अडॅप्टर लावून टाकला, म्हणजे एकच झालं. मग मला म्हणाले, अगं अजून लागतंच आहे. लागणारच ना!

आता बघा हे काय असतं. सीपीयूच्या आत जो एसएमपीएस असतो, म्हणजे २३० व्होल्ट घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारा तो पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडाशीच दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. विजेतला खरखराट बाहेर जाऊ नये म्हणून ते मुद्दाम बसवलेले असतात, बिघाड नाही तो. पण अर्थिंग जोडलेलं नसेल तर या दोघांच्या मध्ये बॉडी लटकते आणि तिच्यावर साधारण निम्मा व्होल्टेज चढतो, म्हणजे ११५च्या आसपास. करंट अगदी थोडा असतो, एक मिलिअँपिअरसुद्धा नाही, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. तिसरी पिन असते ती हेच जमिनीत सोडून द्यायला. आणि ती बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब का, तर प्लग घालताना सगळ्यात आधी तिने लागावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. तर मेसेजने जी पिन रोग म्हणून सांगितली ती औषध आहे.

आणि नुसत्या मुंग्यांचा प्रश्न असता तरी मी एवढं लिहिलं नसतं. उद्या एसएमपीएसच्या आत फेजची वायर खरंच बॉडीला टेकली तर पिन असेल तर फ्यूज उडेल किंवा एमसीबी पडेल, आणि पिन नसेल तर पूर्ण २३० व्होल्ट डब्यावर बसून राहतील, पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून कोणीतरी पेन ड्राइव्ह लावायला येईपर्यंत. शिवाय असा लटकता सीपीयू चालू असताना एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. मग टीव्ही खराब निघाला म्हणून आपण कंपनीला शिव्या घालतो.

हां, एक गोष्ट खरी आहे. कधीकधी करंट खरंच अर्थच्या वायरमधून येतो. बिल्डिंगचं अर्थिंग वरच कुठेतरी तुटलेलं असेल आणि कोणाचा गिझर लीक असेल तर तो करंट अर्थच्या वायरने फिरत फिरत तुमच्या सीपीयूपर्यंत येतो आणि अशा वेळी पिन काढली की बंद पडल्यासारखं वाटतं. पण असं असेल तर फ्रिजलाही लागेल, वॉशिंग मशिनलाही लागेल, आणि मग त्याच दिवशी वायरमन बोलवायचा, सोमवारची वाट बघायची नाही. काकांकडे तसं नव्हतं. वायरमन आला, त्याने टेस्टर लावला, सीपीयूच्या स्क्रूवर टेस्टरचा दिवा मंद पेटला. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थला होल्डरचा बल्ब लावून बघितला तर पेटेना (हे त्याने केलं, तुम्ही करू नका). बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी वायर आतच नव्हती. तिसरं भोक होतं, मागे वायरच नाही. बिल्डिंग नवी होती तेव्हापासून, म्हणजे बरीच वर्षं, तो सॉकेट नुसता शोभेचा होता.

स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डातही हीच गंमत असते बरं का. वर तीन भोकं, खाली वायर दोनच्या दोन.

खोडरबर

इथे अर्धं तथ्य आहे असं मी म्हणेन कारण मेकॅनिक लोक हे करतात, मीही पूर्वी केलंय. रॅमच्या पट्टीवरचे पिवळे दात असतात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही पण त्याच्यावर घाम, धूळ, आणि आमच्याकडे खाडीची खारट दमट हवा यांचा पातळ थर बसतो, तो खोडरबरने जातो. फक्त तो मुलामाही अगदी पातळ असतो, दर पावसाळ्यात घासत बसलात तर खालचं निकेल आणि मग तांबं उघडं पडतं, आणि ते मात्र गंजतं. वर खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये. मेडिकलमध्ये नाही तर मोबाईल रिपेअरवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, सुती फडक्याला लावून एकदा पुसलं की झालं.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. बहुतेक वेळा खोडरबरने काही झालेलंच नसतं, रॅम काढून परत नीट ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवली एवढ्यानेच काम झालेलं असतं, श्रेय मात्र खोडरबर घेऊन जातं. त्यामुळे आधी नुसती काढून बसवून बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे साठलेली वीज जाते, मग हात लावा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. कोणती पट्टी आणि कोणता स्लॉट, दोन्ही कळतं, आणि खर्च शून्य. डीडीआर-५ म्हणजे नव्या प्रकारची रॅम असलेला पीसी असेल तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, तो रॅम ओळखून घेत असतो, तेवढ्यात ‘गेला गेला’ म्हणून परत बटण दाबू नका.

आणि त्याच्याही आधी, डिस्प्ले येत नाही म्हणजे पीसी चालू होत नाही असं नाही हो! पंखा फिरतोय का, कीबोर्डवर कॅप्सलॉक दाबलं की दिवा लागतोय का? लागत असेल तर आतलं बहुतेक ठीक आहे, मॉनिटरकडे बघा. घणसोलीला माझ्या मावसभावाने हौसेने ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि रात्री अकराला फोन, ताई नो सिग्नल येतंय, कार्ड डेड आलं. मी म्हटलं फोटो पाठव मागचा. एचडीएमआय केबल जुन्याच जागी, मदरबोर्डच्या पोर्टला! कार्डाचे पोर्ट खाली आडवे असतात, केबल तिथे लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरशेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्सच नसतं, तिथे तर मदरबोर्डच्या पोर्टला जन्मात चित्र येणार नाही. आणि विंडोज चालू असताना अचानक स्क्रीन काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर परत सुरू होतो, खूपदा एवढ्यावर भागतं.

नव्या बऱ्याच मदरबोर्डवर चार छोटे दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे. जो पेटून राहील तिथे घोडं अडलेलं असतं. काच असेल तर डबा न उघडताच दिसतो. त्या मेसेजमध्ये सात उपाय आहेत पण बिघाड कुठे आहे ते शोधायचं कसं, याचा एक शब्द नाही.

हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये

ही जुनी दंतकथा आहे, अगदीच हवेतली नाही. फार पूर्वीच्या डिस्कमध्ये काही अडकलं असेल तर थंडीने धातू आकसून ती कधीमधी सुटायची, शेवटचा उपाय म्हणून लोक करायचे. आजच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगतं, केस त्याच्या हजारो पट जाड. आता फ्रीजरमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला जुलै महिन्यात ऐरोलीत दोन मिनिटांत काय होतं ते आठवा. तेच दव आत तबकडीवर. त्यात लग्नाचे फोटो.

टकटक आवाज येत असेल तर एकच करायचं, बंद करायची आणि बंदच ठेवायची. परत परत चालू करून ‘आता येईल’ करत बसण्यात उरलेलं पण जातं. फोटो खरंच महत्त्वाचे असतील तर डेटा रिकव्हरीवाला, स्वस्त नसतो तो, पण फ्रीजरमधून आलेली डिस्क बघून तोही कपाळाला हात लावतो. आवाज नाही, नुसती हळू चालते किंवा मध्येच गायब होते असं असेल तर आधी हव्या त्या फाइल दुसरीकडे कॉपी करा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. त्यात ०५ आणि सी-५ या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क चाललीय. पण फक्त सी-७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब असते. शंभर-दीडशेची वस्तू. या एका ओळीवरून मी किती जणांच्या नव्या डिस्कचे पैसे वाचवलेत.

बाकीचे पटापट

टूथपेस्ट पहिल्या दिवशी चालते, म्हणूनच हा व्हिडिओ पसरतो. तिच्यात पाणी असतं, ते गरमीने उडालं की मागे खडू राहतो. खरी थर्मल पेस्ट दोन-तीनशेत येते, वाटाण्याएवढी लागते. आणि दहा-पंधरा मिनिटांनी पीसी आपोआप बंद होत असेल तर पेस्टच्या आधी पंखा बघा, तो फिरतोय का, आणि इंटेलच्या कूलरचे चार प्लास्टिकचे पाय असतात त्यातला एखादा निसटलाय का. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो आणि तरी थांबलं नाही तर बंद पडतो, तो जळू नये म्हणून ती सोय आहे.

व्हॅक्यूमच्या प्लास्टिकच्या नळीला स्टॅटिक चढतं, ते चिपला मारतं. ब्लोअर वापरा, गॅलरीत नेऊन, आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं.

तांदूळ? चहात साखर आणि दूध असतं, ते तांदूळ कसे काढणार. लॅपटॉप लगेच बंद, चार्जर काढा, उलटा करून ठेवा, चालू होतो का बघायचा मोह टाळा आणि उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. तांदळाचं पीठ मात्र पोर्टमध्ये जातं, ते मी टूथपिकने काढलेलं आहे.

एफ-५ने फोल्डरमधलं चित्र परत काढलं जातं. रॅमचा आणि त्याचा काही संबंध नाही. दाबायचं तर दाबा, बोटांना व्यायाम.

दीड हजाराच्या रागाबद्दल मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य काही जण डबा उघडायच्या आधीच बोलतात. मला आश्चर्य याचं वाटतं की घरगुती वस्तूंच्या त्या यादीत जी एक वस्तू खरंच पाहिजे होती तीच नाही. सीआर २०३२, तीन व्होल्टचा चपटा सेल, वजनकाट्यात नाही तर गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो. पीसी रोज सकाळी भलतंच साल दाखवत असेल, बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, चालू करताना एफ-१ दाबा म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा हाच सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला वाटतं साइटचं प्रमाणपत्रच खोटं आहे. नखाने किंवा छोट्या पेचकसाने निघतो, छापलेली बाजू वर ठेवून नवा बसवायचा.

काकांच्या सॉकेटमध्ये रविवारी हिरवी वायर पडली, झिणझिण्या बंद, अडॅप्टर मी जप्त केलाय. सोमवारी त्यांचा मेसेज आला, वायरमन म्हणाला अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, तर गॅलरीच्या ग्रिलमधल्या तुळशीच्या कुंडीत घातला तर चालेल का.

नाही काका.