‘एक केबल घ्या आणि कोणताही माइक लावा’? नाही लावता येत

सध्या एक व्हिडिओ फिरतोय. त्यातला दावा असा: एका टोकाला एक्सएलआर (स्टुडिओ माइकचा तीन पिनांचा जोड) आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन एमएमची, हेडफोनसारखी पिन असलेली दोन-अडीचशे रुपयांची केबल घ्या, स्टुडिओतला कोणताही माइक थेट कॅमेऱ्याला किंवा लॅपटॉपला लावा, गेन (आवाज किती मोठा करायचा ती पातळी) वाढवा, काम झालं. माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस आणि वेगळा आवाजाचा रेकॉर्डर म्हणे फुकटचा खर्च. मला हा व्हिडिओ ज्यांनी पाठवला, त्यातले दोघे गावोगावची कीर्तनं-व्याख्यानं टिपतात. झालेलं कीर्तन पुन्हा टिपता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘कोणताही माइक’ इथेच पहिली गफलत आहे. स्टुडिओतल्या बहुतेक कंडेन्सर माइकना फॅन्टम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज लागते, साधारण ४८ व्होल्ट. कॅमेऱ्याच्या जॅकमधून मिळतात जेमतेम २ ते ५ व्होल्ट, आणि तेही छोट्या कॉलर माइकसाठी. साध्या केबलने माइक जोडला तर तो मुकाच राहतो. रोड कंपनीच्या एनटीजी-२ सारखा, आत पेन्सिल सेल घालता येणारा माइक असेल तर गोष्ट वेगळी.

‘हेडफोनमध्ये आवाज येतोय, म्हणजे जोडणी बरोबर.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. एक्सएलआरमध्ये तीन पिना असतात: १ नंबरची शिल्ड (तारांभोवतीचं संरक्षक आवरण), २ आणि ३ वर तोच आवाज, पण एकमेकांच्या उलट. मिक्सर (अनेक माइक जोडायचं यंत्र) या दोन्हींतला फरक घेतो. वाटेत दोन्ही तारांत सारखीच शिरलेली घरघर त्यामुळे वजा होते. कॅमेऱ्याचा जॅक मात्र स्टिरिओ. त्याला टोकावर डावा आणि मधल्या कड्यावर उजवा चॅनल हवा असतो. बाजारातल्या कित्येक केबलींमध्ये २ नंबर टोकाला आणि ३ नंबर कड्याला जोडलेला असतो. मग डावीकडे सुलटा आवाज जातो आणि उजवीकडे उलटा. हेडफोनमध्ये तो थोडा पोकळ वाटतो, एवढंच. पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही चॅनल एकत्र झाले की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि महाराजांचे ओठ नुसते हलताना दिसतात! असं रेकॉर्डिंग हातात असेल तर पुसू नका. एडिटिंगमध्ये फक्त डावा चॅनल ठेवून तोच दोन्हीकडे टाका, आवाज परत येतो. कॅमेऱ्यासाठीच्या केबलमध्ये २ नंबरची पिन टोक आणि कडं दोन्हींना जोडलेली हवी, ३ नंबर शिल्डला. विकत घेताना मल्टिमीटर लावून बघा.

‘गेन वाढवला की झालं.’ शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक (वीज न लागणारा) माइक तोंडाजवळच्या खणखणीत आवाजालाही दोनेक मिलिव्होल्टच देतो. कॅमेऱ्याचा छोटा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) तो ओढून मोठा करताना स्वतःचा ‘स्स्स’ही मोठा करतो. ऑटो गेन (गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) चालू असेल तर कीर्तनकार श्वास घ्यायला थांबले की तो ‘स्स्स’ वर उसळतो. माइक तोंडाशी असेल आणि केबल हातभर असेल तर काम भागतं, हे मी मान्य करतो. व्यासपीठापासून वीस फुटांवर कॅमेरा असेल तर नाही.

लॅपटॉपचं थोडक्यात: आजचा एकच जॅक असलेला लॅपटॉप चार भागांची पिन असलेल्या हेडसेटसाठी असतो. तीन भागांच्या पिनेवरचा माइक त्याला बहुतेक वेळा कळतच नाही.

याच व्हिडिओतला शेवटचा सल्ला आहे मिक्सरची लाइन (त्यातून बाहेर पडणारा मोठा सिग्नल) तशीच कॅमेऱ्याच्या माइक-इनमध्ये घालायचा. व्यावसायिक लाइन लेव्हल १.२३ व्होल्टची, म्हणजे एसएम५८ च्या त्या दोनेक मिलिव्होल्टच्या सहाशेपटींहून जास्त. आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मध्ये पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लावा, ३०-४० डेसिबलचा.

आता ‘फुकटचा खर्च’. साध्यातल्या साध्या यूएसबी इंटरफेसमध्येही बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांतला फरक घेणारा) आणि बरा प्रीअँप असतो, आणि बहुतेकांत ४८ व्होल्टचं बटणही. घरी लॅपटॉपवर बोलणाऱ्यांनी तोच घ्यावा. कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी एक्सएलआर इनपुटचा रेकॉर्डर व्यासपीठाजवळ ठेवावा, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी आणि आवाज नंतर चित्राशी जुळवावा. रेकॉर्डर परवडत नसेल तर एका दिवसासाठी भाड्याने आणा.