‘सोड्याशिवायचा आदिवासी साबण’: या मेसेजमध्ये काय चुकलंय

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे आदिवासी बायका मोहाच्या तेलाचा साबण कॉस्टिक सोड्याशिवाय, नुसत्या रिठ्यावर करतात. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ५.५ असतो, निंबाच्या पाल्यानं तो हिरवागार राहतो आणि इसब बरं करतो. वर तो नैसर्गिक, म्हणून निर्धोक, आणि हे साबणाचं पूर्वापार ज्ञान. कौतुकापोटी लिहिलेला असेल, पण बचत गटाच्या टेबलापुढे उभं राहून गिऱ्हाईक हेच मागतं.

‘सोडा नाही.’ मग साबणही नाही. रिठ्याचा फेस त्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा. त्यानं तेलाची वडी होत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा मिळून साबण आणि ग्लिसरीन बनतं, आणि माप बरोबर असेल तर वडीत सोडा उरत नाही. मोहाचं तेल ६०० ग्रॅम, खोबरेल ३०० आणि एरंडेल १०० घेतलं, तर सगळ्या तेलाला साधारण १४९ ग्रॅम सोडा पुरतो. मुद्दाम ५ टक्के कमी, म्हणजे १४१ ग्रॅम घ्यायचा. काट्यावर तोलून, चमच्याचं माप इथे चालत नाही. तो ३०० ग्रॅम पाण्यात थोडा थोडा सोडायचा. उलट केलं, सोड्यावर पाणी ओतलं, तर उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं हवं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही ४० अंशांच्या आसपास आलं की एकत्र करून कढीपेक्षा दाट होईपर्यंत घोटायचं, साच्यात एक-दोन दिवस आणि मग वाऱ्यावर ४ ते ६ आठवडे.

‘पीएच ५.५.’ खऱ्या साबणाचा ९ ते १० असतो. तो उतरवायला लिंबू पिळलं, तर साबण नासलेल्या दुधासारखा फाटतो.

‘हिरवागार.’ पाल्याचा हिरवा रंग सोड्यात टिकत नाही, तपकिरी होतो. हिरवी वडी दिसली तर रंग कुठला ते विचारा. हळद घातली तर आधी लाल होते. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तोच प्रकार. ओला पाला वाटून घातला तर वडीला बुरशी येते ती वेगळीच.

‘इसब बरं होतं.’ हे छापलं की वस्तू कायद्यानं औषधात जाते. एरवी अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधन आहे आणि २०२० च्या नियमांनुसार त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं काही जात नाही, नोटीस गटाला येते.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’ मोहाचं तेल काढून उरलेली पेंड तळ्यात टाकली की मासे मरतात. तीही नैसर्गिकच.

‘साबणाचं पूर्वापार ज्ञान.’ सोड्याची वडी नवी आहे. मोहाचं तेल जुनं, खाण्याचं, दिव्याचं, अंगाला चोळायचं. जाणतेपण टोळंबीत, म्हणजे मोहाच्या बीत आहे. ही बी ऐन पावसाच्या तोंडावर पडते. ती रोज वेचावी लागते, फोडून गर खडखडीत वाळवावा लागतो. ओल राहिली की बुरशी धरते आणि तेल आंबट होतं. असं तेल सोडा पडताच गुठळ्या धरतं, घोटायलाही वेळ देत नाही. खवट तेलाच्या वडीवर पुढे नारिंगी ठिपके उठतात. तिथे सोड्याचं माप कितीही अचूक असो, उपयोग नाही.