रिडायरेक्टवरचा तो 'तीन ओळींचा' उपाय टाकू नका

रिव्हर्स प्रॉक्सीमागचं (म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन आत अ‍ॅपला देणाऱ्या सर्व्हरमागचं) अ‍ॅप लॉगिननंतर तुम्हाला साध्या एचटीटीपीवर नाहीतर थेट लोकलहोस्ट:८००० या आतल्या पत्त्यावर फेकत असेल तर एक उपाय सगळीकडे फॉरवर्ड होतोय: एन्जिनएक्स या प्रॉक्सी सर्व्हरमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोला (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपी की एचटीटीपीएस ते अ‍ॅपला सांगणारा हेडर) डॉलर-स्कीम द्या, अ‍ॅपमध्ये सगळे प्रॉक्सी ट्रस्ट करा, प्रॉक्सी_रिडायरेक्ट ऑफ करा. तिन्हींत घोळ आहे.

डॉलर-स्कीम म्हणजे ब्राउझरने काय वापरलं ते नाही, त्या एन्जिनएक्सपर्यंत रिक्वेस्ट कशी पोचली ते. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट एन्जिनएक्सच्याही पुढे असलेल्या लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवर) असेल तर आत साधं एचटीटीपी येतं, म्हणजे बॅलन्सरने पाठवलेलं खरं 'एचटीटीपीएस' तुम्ही आपल्याच हाताने पुसता, मग जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) सिक्युअर_एसएसएल_रिडायरेक्ट, म्हणजे एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसकडे पाठवणारी सेटिंग, चालू असेल तर अ‍ॅप परत परत एचटीटीपीएसकडेच पाठवत राहतं आणि ब्राउझर शेवटी 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणून हात टेकतो. अशा ठिकाणी आलेली व्हॅल्यूच पुढे द्यायची, पण एन्जिनएक्सवर बॅलन्सरशिवाय कोणी पोचू शकत नसेल तरच.

सगळं ट्रस्ट करा हा सल्ला तर मला खरंच धोक्याचा वाटतो. एक्स-फॉरवर्डेड-होस्ट (मूळ रिक्वेस्ट कोणत्या डोमेनवर आली ते सांगणारा हेडर) क्लायंटनेच पाठवला आणि तुम्ही तो ओव्हरराइट केला नाही तर एन्जिनएक्स तो तसाच पुढे देतो. आता कोणी तुमचा ईमेल देऊन आणि या हेडरमध्ये स्वतःचं डोमेन टाकून पासवर्ड रीसेट मागितला, आणि अ‍ॅप लिंक त्या हेडरवरून बनवत असेल, तर मेल खऱ्या सर्व्हरवरून येतो, लिंक मात्र त्याच्या डोमेनची, तुम्ही क्लिक केलं की पासवर्ड बदलायचं टोकन त्याच्या हातात. जँगोत हा हेडर वापरायची सेटिंग, यूज_एक्स_फॉरवर्डेड_होस्ट, मुळात फॉल्स असते ते उगाच नाही. एक्सप्रेसमध्ये (नोडच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) 'ट्रस्ट प्रॉक्सी'ला ट्रू देऊ नका, आपल्या प्रॉक्सीचे पत्ते द्या, आणि हा हेडर एन्जिनएक्समध्ये डोमेनचं नाव लिहून स्वतः सेट करा.

प्रॉक्सी_रिडायरेक्ट ऑफ केल्याने तर उलटंच होतं. लोकेशन हेडर (ब्राउझरने आता कुठे जायचं ते सांगणारा) प्रॉक्सी_पासच्या, म्हणजे एन्जिनएक्समध्ये दिलेल्या अ‍ॅपच्या आतल्या, पत्त्याने सुरू होत असेल तर तो बाहेरच्या पत्त्यात बदलायचं काम हीच सेटिंग करते. लोकलहोस्ट येतो कारण होस्ट हेडर सेट केला नाही तर एन्जिनएक्स प्रॉक्सी_पासमधलं नावच अ‍ॅपला देतो.

आणि तपासताना ब्राउझरवर जाऊ नका, ३०१ (कायमचा रिडायरेक्ट) त्यात कॅश होतो, कॉन्फिग नीट झालं तरी जुनंच दिसतं आणि लोक अजून ओळी वाढवत बसतात. कर्ल -आय (टर्मिनलवर उत्तराचे हेडर दाखवणारी कमांड) घ्या, आधी थेट अ‍ॅपवर हेडर देऊन, मग एन्जिनएक्सवर, मग बाहेरून, लोकेशन जिथे बिघडतं तेवढीच जागा दुरुस्त करा.